आंबापूरची लाइन क्लिअर

५ ऑक्टोबर, रविवार

वर्ध्यात येऊन आठवडा झाला आणि मी अजून धडधाकट आहे. बदलीची ऑर्डर आली तेव्हा नाशिकच्या मैत्रिणींनी अशी तोंडं केली होती, जणू मला काळ्या पाण्यावर पाठवताहेत. प्रत्यक्षात कॉलेज बरं आहे, भूगोलाच्या वर्गाला खिडक्या मोठ्या आहेत, नालवाडीत दोन हवेशीर खोल्या मिळाल्या आहेत आणि घरमालकीण रोज विचारते की मॅडम, तुम्ही एवढ्या वाळल्या काऊन. गोरसपाक नावाचं एक खुसखुशीत प्रकरण इथे मिळतं, ते चालू ठेवलं तर तिचा प्रश्न महिनाभरात निकालात निघेल.

सामानात सगळ्यात जपून आणलं ते सचिनचं खोकं. सचिनला जाऊन पावणेदोन वर्षं होतील. आम्हा दोघांना छोट्या रेल्वेचं वेड. लग्नानंतर हॉलमध्ये सोफा यायचा तिथे आम्ही फळ्या टाकल्या आणि रूळ अंथरले. रूळ, इंजिनं, डबे त्याचे. झाडं, डोंगर, माती माझी. असा आमचा संसार. लोक म्हणायचे, पोरंबाळं नाहीत म्हणून खेळणी. म्हणेनात का. तो गेल्यावर सगळं आमच्या रेल्वेवेड्यांच्या ग्रुपवरच्या लोकांना वाटून टाकलं, फक्त त्याच्या हातचं एक इंजिन आणि एक डबा ठेवला. ते खोकं अजून उघडलेलं नाही. उघडायला हात धजत नाही, एवढंच खरं.

आमच्या त्या ग्रुपवर सहज विचारलं होतं की वर्ध्यात आपल्यापैकी कुणी आहे का. हिंगणघाटच्या एका सभासदाने कळवलं की नालवाडीतच प्रेमदासजी आहेत, रिटायर्ड स्टेशनमास्तर, छोट्या रेल्वेची मांडणी अप्रतिम, पण फोटो कधीच टाकत नाहीत. काखेत कळसा! फोन लावला. त्यांनी माझं नाव विचारण्याआधी कुठला गेज, म्हणजे रूळ किती रुंद, ते विचारलं. मग म्हणाले, रविवारी दुपारी येजो.

१२ ऑक्टोबर, रविवार

जाऊन आले. काय लिहू आणि किती लिहू असं झालं आहे.

घर साधंच. हॉलच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला नर्सच्या पांढऱ्या कपड्यातल्या एका हसऱ्या मुलीचा फोटो, आणि बाकी सगळा हॉल म्हणजे एक स्टेशन. मोहगाव पेठ. असं स्टेशन कुठेच नाही, काकाजींनी नोकरीत पाहिलेल्या सगळ्या लहान स्टेशनांतून ते जमवलं आहे. (मी प्रेमदासजींना काकाजी म्हणते, इथे सगळे तसंच म्हणतात.) नॅरोगेजचा एकच फलाट, पत्र्याची शेड, बाहेर कापसाच्या गठाणी, पाण्याची टाकी, तिच्याखाली शेवाळ. शेवाळ कशाचं केलं असं मी विचारलं, तर म्हणाले, केलं नाई, आलं. टाकीत खरंच पाणी आहे आणि ते खरंच गळतं! मी तिथेच त्यांना गुरू मानलं.

रूळ फलाटावरून निघून भिंतीपर्यंत जातात आणि भिंतीतल्या एका कमानीत शिरतात. पलीकडच्या खोलीत दुसरं स्टेशन आहे, आंबापूर. मुलगी लहान असताना तिने ठेवलेलं नाव. दोन्ही स्टेशनांत एकच लाइन, म्हणून कामही खऱ्या रेल्वेसारखं. दोन्हीकडे भंगाराच्या लिलावातून आणलेली ब्लॉकयंत्रं, म्हणजे घंटा आणि काटा असलेल्या लोखंडी पेट्या. इकडून एक ठोका दिला की 'ऐका'. दोन ठोके म्हणजे 'लाइन क्लिअर आहे का?' पलीकडच्याने तेच ठोके परत दिले की काटा 'लाइन क्लिअर'वर येतो. मगच गाडी सोडायची. पाच ठोके दिले की सगळं रद्द, काटा पुन्हा 'बंद'वर.

काकाजींनी माझ्यासमोर एक ठोका दिला. भिंतीपलीकडून एक आला. त्यांनी दोन दिले, पलीकडून दोन आले, दुसरा जरासा घाईचा. काकाजींचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. मी विचारलं तिकडे कोण आहे. म्हणाले, मोनाली बसते, माझी पोरगी. फोटोकडे बोट केलं. मग त्यांनी पाच ठोके देऊन रद्द केलं आणि चहा आला.

मुलगी बाहेर आली नाही. लाजरी असेल, किंवा रात्रपाळीची दमलेली. बाप एवढा वेडा असल्यावर मुलीने दुपारच्या झोपेतून उठून घंटा वाजवावी, हे सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं. घरी येताना सचिनची आठवण फार झाली.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी नाशकात न जाता इथेच काढली. आज काकाजींकडे जाताना मोनालीसाठी गोरसपाकचा पुडा नेला. काकाजींच्या पत्नीच्या, तानाबाईकाकूंच्या हातात दिला आणि आत द्या म्हटलं. काकूंनी पुडा घेतला, माझ्याकडे एकटक पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. काकू अबोल आहेत. हॉलमध्ये फारशा येतच नाहीत. नवऱ्याच्या खेळण्यांचा वैताग असणार, मला त्या जमातीची चांगली माहिती आहे.

आज एक गोष्ट लक्षात आली. काकाजी आंबापूरला गाडी पाठवतच नाहीत. रोज दुपारी विचारतात, होकार येतो, आणि लगेच रद्द. गाड्या फलाटावरच पुढेमागे करतात. मी म्हटलं, एवढी लाइन टाकली, एवढं यंत्र, आणि गाडी का नाही? ते इंजिन पुसत राहिले. मग म्हणाले की गाडी एकदा लाइनवर गेली की काटा 'गाडी लाइनवर'ला अडकतो. तिकडून 'गाडी पोचली'चे चार ठोके आल्याशिवाय तो सुटत नाही, आणि तोवर घंटा मुकी. मले घंटा मुकी नाई पाह्यजे, म्हणाले.

म्हातारपणी माणसं कशाकशाला जपतात. पुढच्या खेपेला सचिनचं इंजिन आण म्हणाले, फलाटावर चालवू. आणीन म्हटलं. आज खोकं उघडलं. इंजिनाला अजून त्याच्या तेलाचा वास आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी आज केलं.

दुपारी सचिनची गाडी घेऊन गेले. काकाजींनी इंजिन तळहातावर घेतलं आणि एकेक चाक फिरवून पाहिलं. म्हणाले, या मानसाले घाई नव्हती. सचिनबद्दल इतकं खरं अजून कुणी बोललं नव्हतं. आम्ही गाडी फलाटाला लावली. मग त्यांनी नेहमीप्रमाणे ठोके दिले, मोनालीचे ठोके आले, काटा 'लाइन क्लिअर'वर आला, आणि बाहेर शेजाऱ्यांची स्कूटर वाजली. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी काकाजींना बँकेत जायचं होतं, त्यांचा नंबर यायला आला होता. ते चपला शोधत घाईने निघाले आणि रद्द करायचं विसरले.

मी एकटीच. समोर सचिनची गाडी, काटा 'लाइन क्लिअर'वर, आणि पलीकडे कधी गाडीच न मिळालेली मुलगी. मला वाटलं तिला गंमत वाटेल. आमच्यात रीतच आहे, पाहुण्याने आपली गाडी यजमानाच्या रुळांवर एक फेरी फिरवायची. मी 'गाडी सुटली'चे तीन ठोके दिले, गाडी निघाली. काटा आपोआप 'गाडी लाइनवर'ला सरकला. सचिनचा डबा कमानीच्या काळोखात गेला. मी टाळीसुद्धा वाजवली.

चार ठोके आले नाहीत. मी थांबले. मग कमानीशी वाकून हाक मारली, अगं मोनाली, आली का गाडी? काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांचा तो चेहरा.

काकाजी परत आले, काट्याकडे पाहिलं आणि खाली बसले. एक ठोका दिला. घंटा वाजलीच नाही. पुन्हा दिला. पुन्हा दिला. काकूंनी मला हाताला धरून घरी जायला सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

मोनाली नाही. साडेचार वर्षांपूर्वी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. काकूंनी आज सांगितलं, ओट्याशी उभं राहून, माझ्याकडे न बघता.

वॉर्डात ड्यूटीवर होती. तिच्या जागी येणारी मुलगी आजारी पडली, म्हणून ही दुसऱ्या पाळीलाही थांबली, मग तिसऱ्याही. मग तिलाच ताप आला. काकाजी दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे असायचे. आत सोडत नव्हते. पुढे प्लास्टिकमध्ये बांधलेली मिळाली, तोंड पाहता आलं नाही. भिंतीवरच्या फोटोला काकाजींनी हार घालू दिला नाही, म्हणून मला कळलं नाही.

ती गेल्यावर महिन्याभराने काकाजी एका दुपारी सवयीने यंत्रापाशी बसले आणि एक ठोका दिला. पलीकडून एक आला.

काकूंनी मागच्या खोलीचं कुलूप काढून मला आत नेलं. गाद्या, जुना कूलर, आणि टेबलावर दुसरं यंत्र. त्याची वायर कापलेली. काकूंनीच कापली होती, तेव्हाच, विळीने. म्हणाल्या, मले वाटलं बंद होईन, तर वायर कापल्यावर बी वाजतच राह्यलं. आणि भिंतीत या बाजूने कमान नाही. सिमेंटने बुजवून चुना मारलेला, तोही जुना. हॉलमधून मी हात घातला तर कमान कोपरापर्यंत खोल आहे. नुसता काळोख आहे आणि गार आहे. भिंत वीतभर जाडीची.

सचिनची गाडी कुठेच नाही.

मी घाबरले आहे हे खरं. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत बसलं आहे. त्या म्हाताऱ्याकडे मुलीचे दोन ठोके उरले होते, तेवढेच, आणि ते मी बंद पाडले.

२३ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर जायची हिंमत झाली नाही. आज सचिनचं खोकं आवरताना कापसाखाली नखाएवढी लाल पाटी सापडली. शेवटच्या डब्याला मागे लावायची. सचिन ती गाडी सुटायच्या अगदी शेवटच्या क्षणाला लावायचा, म्हणून वेगळी ठेवलेली. मी ती न लावताच गाडी सोडली.

पाटी घेऊन तशीच गेले. काकाजी खुर्चीत होते, दाढी वाढलेली. हातात दिली. त्यांना लगेच समजलं, मला मात्र त्यांनी सावकाश सांगितलं. स्टेशनमास्तरने गाडी पोचली असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा शेवटच्या डब्याची पाटी डोळ्यांनी दिसेल. पाटी नसेल तर गाडी अर्धी वाटेत तुटून राहिली असं धरायचं आणि लाइन मोकळी करायची नाही. तिले मीच शिकोलं, म्हणाले. पाटी दिसल्याबिगर चार ठोके नाई. गाडीत मंत्री बसला असन तरी नाई.

म्हणजे ती फलाटावर उभी आहे. सचिनची गाडी पुढ्यात, आणि ती उरलेल्या गाडीची वाट बघते आहे.

मी रडले. काकाजी रडले नाहीत. पाटीकडे पाहत ते जे बोलले ते मला लिहितानाही नको वाटतं. म्हणाले, रिलीफ, म्हंजे आपल्या जागी दुसरा मानूस, आल्याबिगर ड्यूटी सोडता येत नाई. माझ्या पोरीले तिकडे बी रिलीफ भेटला नाई. मी रोज घंटा देत गेलो, ती रोज उत्तर देत गेली. तिले जायाचं असन, तर कशी जाईन ती?

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

३० नोव्हेंबर, रविवार

काकाजींनी आज दाढी केली होती. पांढरा गणवेश इस्त्री करून खुंटीला लावला होता. सांधा कसा बदलायचा, टाकीत पाणी कधी भरायचं, सगळं मला दाखवलं. मी म्हटलं मला कशाला? हसले. पाटी त्यांच्या खिशात होती, मधूनमधून चाचपत होते.

मला कळत होतं. अडवायला हवं होतं. काय म्हणून अडवणार होते?

३ डिसेंबर, बुधवार

काकाजी गेले.

दुपारी काकू चहा घेऊन गेल्या तर खुर्चीत, गणवेशात. डॉक्टर म्हणाले हृदय. मूठ घट्ट मिटलेली होती. आंघोळ घालताना ती उघडली. काकूंना आणि मला ठाऊक होतं की आत काय असायला हवं. मूठ रिकामी होती.

५ डिसेंबर, शुक्रवार

भंतेजी आले होते. हॉल भरलेला. लोकांनी मांडणीला टेकून सतरंज्या टाकल्या होत्या. त्रिशरण चालू असताना घंटा वाजली.

चार ठोके. तीन सावकाश, शेवटचा घाईचा.

काटा सुटला आणि 'बंद'वर आला. लोकांना वाटलं कुणाचा तरी धक्का लागला. काकूंनी माझा हात एवढा दाबला की अजून ठणकतो आहे. मोनालीची गाडी पूर्ण झाली. तिला रिलीफ मिळाला. ती सुटली. मी तिला कधी पाहिलं नाही, आणि तरी माझी पोर परीक्षा देऊन घरी निघाल्यासारखी मी रडले.

१४ डिसेंबर, रविवार

काकूंनी बोलावलं होतं. मोनालीच्या फोटोला हार आहे, काकाजींच्याही. काकू यंत्रासमोर बसल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाल्या, बापलेक बोलत राहात होते, मले नुसती टण-टण आयकू ये. मले शिकव.

मी नको म्हटलं. स्पष्ट सांगितलं. तिकडे आता काकाजी आहेत, तुम्ही घंटा दिली की ते उत्तर देणार, आणि उत्तर देत राहिले की अडकून राहणार, मोनालीसारखेच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, राहू दे त्याले थोडं. माझी पोरगी राह्यली नाई का साडेचार वर्षं?

शिकवलं. एक ठोका. पलीकडून एक आला, जड, सावकाश. काकाजींचा हात. काकूंनी दोन दिले, एक कमी एक जास्त जोराचा. दोन आले. काकू हसायला लागल्या आणि हसताहसताच त्यांचा बांध फुटला. तू जेवला का, तू जेवला का, असं त्या पेटीला विचारत होत्या.

रद्द करायचे पाच ठोके शिकवायचे राहिले. मीच देऊन टाकले. पुढच्या रविवारी शिकवीन.

२१ डिसेंबर, रविवार

शिकवते म्हटलं तर काकू नको म्हणाल्या. बंद कशाले करायचं? काटा दिवसभर 'लाइन क्लिअर'वर असतो. लाइन उघडीच. जेवण दोन ताटांत वाढतात.

आता घंटेनंतर कमानीतून वारा येतो. ओल्या मातीचा. टाकीखालचं शेवाळ फलाटावर चढलं आहे.

मी कमानीला कान लावते. त्यामागे सचिनचं इंजिन ऐकू येतं का म्हणून. येत नाही. सचिनला कुणी थांबवून ठेवलं नाही. मी ठेवलं असतं, मला येत असतं तर.

४ जानेवारी

काकू बारीक झाल्या आहेत. म्हणतात, त्याचा हात थकला. ठोके उशिरा येतात. म्हातारा मानूस, किती दिवस ड्यूटी करन?

मी यंत्र बंद करते म्हटलं. त्या मध्ये उभ्या राहिल्या. केवढ्याशा बाई, पण मला हलवता आलं नाही.

८ जानेवारी

काकूही. खुर्चीत. दुपारी. नवं लुगडं, हातात जेवणाचा डबा. डबा रिकामा, घासलेला —

१८ जानेवारी, रविवार

पुतण्या रुपेश देवळीहून आला. घर विकायचं आहे. फळ्या, रूळ, पत्र्याची शेड सगळं टेम्पोत. मी बघू शकले नाही. कमानीत हात घातला. भिंत. साधी, वीतभर.

संपलं म्हणून बरं वाटलं. खरंच वाटलं.

मग रुपेश हॉलमधली यंत्राची पेटी घेऊन माझ्या जिन्यावर. काकूंनी सांगून ठेवलं होतं म्हणे — मॅडमले देजो, त्याईले येते.

नको म्हणाले असते. त्याने खाली ठेवून दिली.

२० जानेवारी

वायर नाही. जोडलेली नाही. कपाटात, रजईखाली.

दुपारी एक ठोका. 'ऐका'.

मी कॉलेजात निघून गेले.

२३ जानेवारी

रोज. एक, मग दोन. एक कमी एक जास्त जोराचा. काकूंचाच हात. काकाजींना सोडवलं त्यांनी. आता तिथे त्याच. एकट्या.

दिलं उत्तर की अडकल्या. आणि मग रिलीफ कोण — मीच. मला पक्कं कळतं. उत्तर द्यायचं नाही. थकतील, थांबतील, जातील.

जातील ना?

२५ जानेवारी

नदीत टाकायला निघाले होते. पिशवीत वाजली. रस्त्यात. लोक बघत होते. परत आणली. म्हातारी बाई हाक मारते आहे आणि मी तिला पाण्यात —

२७

त्यांना हे दोनच येतात. ऐका. आहे का. ऐका. आहे का. बंद करायचं मी शिकवलं नाही. त्यांना माहीतच नाही कसं थांबायचं —

दुपार

सकाळपासून थांबलेली नाही. हळू होत चालली. एक. मग कितीतरी वेळाने एक. कुणी नाही का ग, असं.

देणार नाही. खुर्चीवर बसलेही नाही, उभी आहे. लाइन क्लिअर विचारतील तेही देणार नाही. फक्त एवढंच की कुणीतरी आहे. ऐकलं म्हणून. एकच. नुसता एक —